रानकांद्याचं गाव कोणतं?

मे महिन्याच्या तोंडावर तेंदूपत्त्याचे फड लागले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली कितीतरी माणसं पहाटे चारलाच रानात निघतात. ऊन चढायच्या आत पोतं भरलं तर भरलं. मला पत्ता तोडायचं काम जमत नाही, पण एका वर्षी हौसेनं शेजारच्या काकूंच्या मागे मागे टेकडी चढलो होतो. गवताची काडी शिल्लक नव्हती. मुरूम उघडा पडला होता. आणि त्या मुरमातून, कुणी छत्रीची तार रोवून ठेवावी तशी, मांडीइतक्या उंचीची एक काडी सरळ वर आलेली. खाली पान नाही, बाजूला फांदी नाही. वरच्या अर्ध्या भागात लांब देठांवर माना खाली घातलेली फुलं. सहा पाकळ्या, रंग मळकट हिरवट-पांढरा, आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक गडद रेघ. लांबून पाहिलं तर वाळलेली काडीच वाटावी.

"काकू, हे कशाचं फूल?"

"रानकांदा व्हय तो. कांदा हाय, पण खाची वस्तू नाही बापा. हात नको लावजो."

बस, एवढंच. काकू पुढच्या झाडाकडे गेल्या.

त्याच टेकडीवर मी दर पावसाळ्यात जात असे. मृग बरसला की तिथे पट्ट्यासारख्या चपट्या, हिरव्यागार पानांचे झुपके येतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून गायकी, म्हणजे गुराखीसुद्धा त्याच्याकडे लक्ष देत नाही. ती पानं आणि ही काडी एकाच झाडाची, हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली. माझ्या डोक्यात ती दोन वेगळी झाडं होती. हा घोळ माझ्या एकट्याचा असता तर सांगायचं कारण नव्हतं. पण रानकांदा नेमका कुठे कुठे उगवतो, त्याचं मूळ गाव कोणतं, या प्रश्नाच्या उत्तरात याच घोळाचा मोठा वाटा आहे.

आधी कांदा म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण जमिनीखालच्या सगळ्या फुगीर गोष्टींना कंद म्हणून मोकळे होतो. हळद कंद, सुरण कंद, रताळं कंद, कळलावी कंद. 'कांदा' हा शब्दही 'कंद'वरूनच आला. पण यातले सगळे कंद एकाच अवयवाचे नाहीत. हळद हे जमिनीखाली आडवं वाढलेलं खोड. रताळं हे जाड झालेलं मूळ. स्वयंपाकघरातला कांदा मात्र यातलं काहीच नाही. उभा चिरून पाहा. तळाशी एक चकतीएवढा टणक भाग असतो, जो आपण भाजी चिरताना कापून टाकतो. झाडाचं खोड म्हणजे तेवढीच चकती. तिच्याखाली मुळांच्या दाढ्या, आणि वर एकावर एक चढलेले पापुद्रे. हे पापुद्रे म्हणजे पानांचे बुंधे, पाणी आणि अन्न भरून जाड झालेले. मधोमध पुढच्या वर्षाचा कोंब, आठ-दहा रजया पांघरून बसल्यासारखा.

रानकांद्याची रचना हीच. मी तो एकदा चिरून पाहिला आणि त्याची शिक्षाही भोगली. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, कुदळीनं एक कांदा वर आला होता, मुठीएवढा, पांढुरका. विळीवर घेतला. आत पापुद्रे अगदी आपल्या कांद्यासारखे, पण वास नाही, डोळ्यांत पाणी नाही, उलट चिकट बुळबुळीत रस. पाच मिनिटांत बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली ती दुपारपर्यंत गेली नाही. खोबरेल लावलं, चिंच चोळली, शेवटी आपोआपच थांबली. त्या रसात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि ते कातडीत टोचतात. अळूनं घसा खवखवतो तोच प्रकार. याच्या शास्त्रीय नावातला 'ड्रिमिया' हा शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ जहाल, झोंबणारा. नाव ठेवणाऱ्याचीही बोटं खाजली असणार.

पानावरून ओळखायचं झालं तर तेही सोपं आहे. आपल्या कांद्याची पात पोकळ नळी असते आणि चुरगळली की वास सुटतो. रानकांद्याचं पान चपटं, भरीव, आणि बिनवासाचं.

आता हा कांदा भर उन्हाळ्यात का फुलतो?

विदर्भाचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर पाऊस, तोही बुलढाण्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर तर गडचिरोलीत तेराशेच्या वर. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे, त्यातले शेवटचे तीन भट्टीचे. अशा मुलखात मऊ झाडानं जगायचं कसं? तरोट्यासारखी झाडं एक वाट धरतात: पावसात उगवायचं, बी टाकायचं आणि मरून जायचं. पुढच्या वर्षी बी बघून घेईल. सागाची वाट दुसरी. जाड खोड, आणि उन्हाळ्यात पानं गाळून उभं राहायचं. रानकांद्यानं तिसरी वाट धरली. चार महिने पानांनी कमावायचं, सगळी कमाई जमिनीखालच्या कोठीत भरायची आणि वरचं दुकान बंद करायचं. आमच्याकडे जुन्या घरांत ज्वारीचं पेव असायचं. जमिनीत खड्डा, वर माती, बाहेरून काही दिसायचं नाही. रानकांदा म्हणजे झाडानं भरलेलं पेव.

पण दुकान बंद करायचं तर फुलायचं कधी? पावसात फुललं तर हजार फुलांच्या गर्दीत कोण विचारतो. शिवाय उंच गवतात ही बारकी काडी हरवून जाणार. उन्हाळ्यात मात्र रान उघडं असतं, गवत गेलेलं असतं, फुलं मोजकी असतात, आणि किड्यांना भूक असते. फुलायला पाणी-अन्न हवं, ते कोठीत आहेच. पावसाची वाट पाहायची गरज नाही. दुसरा फायदा बियांचा. फूल गळलं की तिथे तीन कंगोऱ्यांचं बोंड धरतं. ते वाळून तडकतं तेव्हा आतून चपट्या, काळ्या, कागदासारख्या हलक्या बिया निघतात. वळवाच्या वाऱ्यानं त्या थोड्या पसरतात, आणि लगेच मृगाचा पाऊस येतो. म्हणजे पेरणी अगदी वेळेवर. आमच्या कास्तकारांना धूळपेरणी म्हटलं की हे लगेच कळेल. कोरड्या मातीत बी टाकून पावसाकडे बघत बसायचं, तीच ही रीत. फरक एवढाच की रानकांद्याचा जुगार पूर्ण बियांवर नसतो. बी वाया गेलं तरी जुना कांदा खाली शाबूत असतो.

तर फूल उन्हाळ्यात, पान पावसाळ्यात. दोघांची गाठ जवळजवळ पडत नाही.

विदर्भात तो कुठे सापडतो? काळ्या कपाशीच्या जमिनीत शोधायला जाऊ नका. काळी माती पावसात चिखल होऊन पाणी धरते, त्यात असा कांदा कुजतो, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शिवाय तिथे दरवर्षी नांगर फिरतो. रानकांद्याला पाणी निथळणारी जागा लागते: मुरमाड टेकड्या, बरड, नदीकाठची रेताड दरड, विरळ सागाच्या जंगलातला उतार, गायरान, पांदणीच्या कडा. माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगले झुपके नांगर कधी न लागलेल्या धुऱ्यांवर आहेत. वावराच्या मधोमध एकही नाही आणि दोन वावरांमधल्या चार हात रुंद धुऱ्यावर दहा. नकाशावर पाहणारा म्हणेल, इथे रानकांदा आहे. वावरात उभा राहणारा म्हणेल, नाही. दोघंही खरं बोलत असतील.

वनस्पतिशास्त्रात 'नैसर्गिक आढळक्षेत्र' म्हणतात ते एका अर्थी याचंच मोठं रूप. एखादं झाड माणसानं न लावता, न आणता, स्वतःच्या बळावर ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या जगत आलं तो मुलूख म्हणजे त्याचं आढळक्षेत्र. ऐकायला सोपं आहे. ठरवायला बसलं की तीन अडचणी येतात.

पहिली अडचण नावाची. झाड कुठे कुठे आहे हे सांगायचं तर आधी 'हेच ते झाड' हे ठरलं पाहिजे. रानकांद्याची शास्त्रीय नोंद केली विल्यम रॉक्सबर्ग यांनी. ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. त्यांचं हे लेखन मरणोत्तर, १८३२ मध्ये छापलं गेलं, आणि त्यात या झाडाचं नाव होतं 'सिला इंडिका'. १८४३ मध्ये कुन्थ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ते 'अर्जिनिया इंडिका' केलं. अल्जीरियातल्या एका अरब टोळीच्या नावावरून हा शब्द आला होता. मग १९७७ मध्ये जेसॉप यांनी अर्जिनिया हा गटच ड्रिमियात मिसळला आणि आपला रानकांदा 'ड्रिमिया इंडिका' झाला. आयुर्वेदाच्या पुस्तकांत तो अजून अर्जिनिया म्हणूनच भेटतो. कूळही बदललं. पूर्वी तो लिलीच्या कुळात होता, आता शतावरीच्या कुळात धरतात. शतावरीची काटेरी वेल आणि हा कांदा भाऊबंद, हे डोळ्यांना पटत नाही, पण जनुकांची जुळणी तसं सांगते.

नाव बदललं म्हणून झाडाला काय फरक पडतो? झाडाला काहीच नाही, नकाशाला मात्र पडतो. ड्रिमिया हा गट खूप मोठा. त्याच्यातले बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत, काही भूमध्य समुद्राभोवती, आणि काही आपल्याकडे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत आपल्या रानकांद्यासारखेच दिसणारे कांदे आहेत. काही अभ्यासक त्यांनाही ड्रिमिया इंडिकाच मानतात, तर काही जण वेगळे. पहिल्यांचं ऐकलं तर रानकांद्याचं राज्य आफ्रिकेपासून भारतावरून पुढे ब्रह्मदेशाकडे पसरतं. दुसऱ्यांचं ऐकलं तर ते भारत आणि आजूबाजूच्या देशांपुरतं उरतं. एकही कांदा जागचा हलला नाही, पण कागदावर त्याच्या राज्यात एक अख्खा खंड आला किंवा गेला. गावाच्या हद्दीत वाडी धरायची की नाही यावरून गावाची लोकसंख्या बदलते, तसंच.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडचे रानकांदेही आपसात एकसारखे नाहीत. पेशीतली गुणसूत्रं मोजली तर काहींत २० निघतात, काहींत ३०, काहींत ४०. तीस गुणसूत्रांच्या झाडाला नीट बी धरणं अवघड, कारण दहाचा एक संच धरला तर तीस म्हणजे तीन संच, आणि तीनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत. तरी ते झाड टिकतं, कारण कांदा शेजारी पिल्लं काढतो आणि पिल्लांना बियांची गरज नसते. ही कमी-जास्त गुणसूत्रांची मंडळी एकच जात समजायची की अनेक, यावर वाद होणारच.

दुसरी अडचण इथला आणि आणलेला यातला फरक करण्याची. तुम्ही म्हणाल, त्यात काय, जिथे उगवतं तिथलं ते. तसं असतं तर आमच्या गावच्या अंगणातला निशिगंध विदर्भाचा झाला असता. तो मेक्सिकोचा. पाऊस पडला की तालुक्याच्या कचेरीपुढच्या वाफ्यात एका रात्रीत गुलाबी-पांढरी फुलं येतात ती लिली अमेरिका खंडातली. मे महिन्यात चेंडूसारखा लालभडक फुलोरा येणारी, जिला लोक फुटबॉल लिली म्हणतात, ती आफ्रिकेची. आणि ताटातला कांदा? तोही मध्य आशियाकडून आलेला, हजारो वर्षांपूर्वी. म्हणजे ज्याच्यावरून रानकांद्याला नाव मिळालं तो कांदा पाहुणा, आणि ज्याला आपण 'रान' म्हणून बाजूला ठेवलं तो घरचा.

घरचा कशावरून? एकाच खुणेवर निकाल लागत नाही, अनेक खुणा जुळाव्या लागतात. तो माणसाच्या वस्तीपासून दूर, शेकडो मैल पसरलेल्या रानात आपणहून पिल्लं काढतो आणि बी टाकतो. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण आणि पूर्व किनाऱ्याच्या वाळूपर्यंत तो मिळतो. त्याचं जीवनचक्र इथल्या पावसाशी कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. जुन्या संस्कृत वैद्यकात त्याला वनपलांडू आणि कोलकंद अशी नावं आहेत. पलांडू म्हणजे कांदा, कोल म्हणजे रानडुक्कर. कोलकंद या नावाचंच मराठीत कोलकांदा झालं. बागेतून पळालेल्या पाहुण्याचं वागणं असं नसतं. तो वस्तीभोवती, रस्त्याच्या कडेनं, नाल्यानं पसरतो, आणि त्याला जुनं देशी नाव नसतं. फुटबॉल लिलीला मराठीत 'फुटबॉल' म्हणावं लागतं यातच सगळं आलं.

इथला म्हणजे फक्त इथलाच असंही नाही. हे दोन शब्द लोक फार गल्लत करून वापरतात. रानकांदा विदर्भाचा आहे, पण विदर्भापुरता नाही. याच्या उलट कोकणातली दीपकाडी. तीही कांद्याची, आणि रानकांद्याचीच जवळची नातेवाईक. जूनमध्ये जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, तिची पांढरी फुलं येतात. ती जगात दुसरीकडे नाही, त्या कोकणपट्टीतच. अशा झाडाला प्रदेशनिष्ठ म्हणतात. दीपकाडीचे चार सडे गेले तर जगातून दीपकाडीचा मोठा हिस्सा गेला. रानकांद्याचं तसं नाही. आमची टेकडी गेली तरी जगात रानकांदा राहील. फक्त आमच्याकडे राहणार नाही. मला हा 'फक्त' फार छोटा वाटत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नकाशावरचा ठिपका म्हणजे झाड जिथे आहे ती जागा नव्हे. झाड जिथे *कुणाला तरी दिसलं आणि त्यानं लिहून ठेवलं*, ती जागा. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी किंवा अख्खं झाड कागदात दाबून वाळवतात, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहितात आणि संग्रहात ठेवतात. नकाशे या कागदांवरून बनतात. आता विचार करा, मे महिन्याच्या दुपारी यवतमाळच्या मुरमाड टेकडीवर कोण जाणार? महाविद्यालयांच्या वनस्पती सहली निघतात पावसात आणि हिवाळ्यात. पावसात रानकांद्याची नुसती पानं असतात. फुलाशिवाय जात ठरवता येत नाही म्हणून जाणकारही ती सोडून देतो. हिवाळ्यात तर जमिनीवर काहीच नसतं. वर्षातल्या ज्या काही दिवसांत फूल असतं त्या दिवसांत रानात असतात ते तेंदूपत्ता तोडणारे, मोहफुलं वेचणारे, गायकी. त्यांना झाड पक्कं माहीत असतं. पण त्यांचे कागद कुठल्याही संग्रहात नाहीत.

विदर्भाच्या बाबतीत याला इतिहासाचीही जोड आहे. महाराष्ट्राच्या वनस्पतींचा विषय निघाला की जाणकार थिओडोर कुक यांच्या ग्रंथाचं नाव घेतात. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', १९०१ ते १९०८ या काळात निघालेला. मोठं काम आहे, त्यात शंका नाही. पण नावातच पाहा, तो मुंबई इलाख्याचा आहे. तेव्हा आम्ही मुंबई इलाख्यात होतो कुठे? नागपूर, वर्धा, चांदा मध्य प्रांतात. वऱ्हाड १९०३ पासून त्याच्याशी जोडलेला. विदर्भ मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. त्यामुळे त्या ग्रंथाच्या मुलखात सिंध आहे, धारवाड आहे, आणि अमरावती नाही. झाडांना इलाखा कळत नाही, पुस्तकांना मात्र कळतो. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं अख्ख्या महाराष्ट्राचं काम हातात घेतलं आणि १९९६ मध्ये एकदल वनस्पतींचा खंड काढला. गवतं, ऑर्किड, लिली, कांदे सगळे त्यात. तोवर नव्वद वर्षं गेली होती, आणि त्या नव्वद वर्षांत किती धुरे नांगराखाली गेले हे कुणी मोजलं नाही.

म्हणून एखाद्या नकाशात आपल्या तालुक्यावर ठिपका नसेल तर 'इथे हे झाड नाही' असं समजू नये. 'इथे योग्य महिन्यात कुणी गेलं नाही' हाही अर्थ असू शकतो.

आता औषधाचं. हे टाळून पुढे जाता येत नाही, कारण रानकांद्याचं नाव काढलं की लोक पहिलं तेच विचारतात. ड्रिमियाच्या कांद्यात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात. पेशींच्या पडद्यात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो, ही द्रव्यं त्याला अडवतात. मात्रा अगदी कमी असली तर हृदयाचा ठोका जोरकस होतो. थोडी वाढली की ठोक्याची लय बिघडते, आणि हृदय थांबूही शकतं. औषध आणि विष यांच्यात इथे बोटभरही अंतर नाही. भूमध्य समुद्राकाठी याचा थोरला भाऊ आहे, समुद्री कांदा, एकेक कांदा किलोभराच्या वर. ग्रीक वैद्य तो खोकला आणि सूज यांवर देत. युरोपच्या औषधकोशात तो शतकानुशतकं होता, आणि आपला रानकांदा इंग्रजांच्या काळात त्याच्याऐवजी वापरला जाऊ लागला. त्याच समुद्री कांद्याच्या लाल प्रकारापासून उंदरांचं विष करत. उंदराला उलटी होत नाही. माणूस आणि कुत्रा ओकून टाकतो म्हणून कधी वाचतो, उंदीर नाही.

ग्रीसमध्ये एक रिवाज अजूनही आहे. नव्या वर्षाला लोक हा समुद्री कांदा उपटून दाराला टांगतात. माती नाही, पाणी नाही, तरी टांगलेल्या कांद्याला नवी पानं फुटतात. घराला तशीच बरकत यावी म्हणून. आपण लिंबू-मिरची टांगतो ती दोन दिवसांत सुकते. तो कांदा आपल्याच पेवातलं खाऊन हिरवा होतो.

मोबाइलवर 'जंगली कांद्याचा रस रोज सकाळी' असे संदेश फिरतात. ते पाठवणाऱ्यानं तो कांदा कधी चिरलेला नसतो एवढं मी माझ्या बोटांवरून सांगू शकतो. काकूंचा सल्ला पुरेसा आहे.

रानकांदा संकटात आहे का? देशाच्या पातळीवर तसं म्हणता येणार नाही. पण तो जिथे राहतो त्या जमिनींची कहाणी वेगळी आहे. अमरावती विभागात अशा जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात, म्हणजे गावाच्या गुरांसाठी सोडलेली सरकारी पडीत. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तिच्यासारख्याच बऱ्याच जमिनीला महसूल दप्तरात 'झुडपी जंगल' असं नाव आहे. धड जंगल नाही, धड शेत नाही, म्हणून दशकानुदशकं तिच्यावर शाळा, घरं, रस्ते झाले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल जमीन कायद्यानं वनच आहे असा निकाल दिला. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ज्यांची घरं त्यावर आहेत त्यांची काळजी खोटी नाही. मला इथे एवढंच म्हणायचं आहे की ज्या जमिनीला दप्तर 'झुडपी' म्हणून सोडून देतं, ती रानकांद्याच्या दृष्टीनं पहिल्या प्रतीची असते. उतार, मुरूम, उघडं ऊन, नांगर नाही. त्याला सुपीक जमीन दिली तर तो कुजून मरेल.

गुरांची चराई त्याला फारशी बाधत नाही, ढोरं त्याला खातच नाहीत. जास्त चरून उजाड झालेल्या माळावर तो उलट जास्त उठून दिसतो. त्याला मारतो तो नांगर, त्याहून जास्त मुरमाची खाण. आमच्या टेकडीचा पश्चिमेकडचा उतार रस्त्याच्या भरावासाठी खणला गेला. दोन पुरुष खोल खड्डा, पावसाळ्यात पाणी साचतं, पोरं पोहतात. पानांचे झुपके जिथे दाट यायचे ती जागा नेमकी तीच होती. कांदा एकदा मुरमासकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेला की संपलं. बियांनी पुन्हा बस्तान बसवायला त्याला वर्षं लागतात, कारण बीपासून फुलाजोगा कांदा तयार व्हायला एक पावसाळा पुरत नाही. दरवर्षी चार महिन्यांच्या कमाईतून थोडं थोडं पेव भरत जायचं.

कुणाला आपल्या शिवारातला रानकांदा नोंदवायचा असेल तर एकच पथ्य पाळा: एका जागेला दोनदा जा. एप्रिल-मेमध्ये फुलाचा फोटो काढा, काडी पूर्ण येईल असा आणि एक फूल जवळून. मग तिथे खूण करून ठेवा आणि जुलैत त्याच खुणेवर पानाचा फोटो काढा. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही तारखांसह टाकले तर दूरवरच्या अभ्यासकालाही तो ठिपका उपयोगी पडतो. उपटून आणू नका. फोटोला खाज सुटत नाही हा आणखी एक फायदा.

मी खूण म्हणून चुना लावलेला दगड ठेवला होता. पहिल्या वर्षी तो कुणीतरी चुलीसाठी नेला. दुसऱ्या वर्षी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दगड काहून ठेवता? मले विचारा ना. त्या मोहाच्या झाडापासून सात पावलं, उगवतीकडं." मोजून पाहिलं. सात नाही, आठ भरली. माझी पावलं त्यांच्यापेक्षा आखूड पडत असावीत.